भुंड्या माळाचा चुडा

कोडोलीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्या घरच्या सासूच्या आधी नजीरा मणेरणीला कळतं, असं लोक म्हणत. यात थोडी अतिशयोक्ती होती, पण थोडीच. बांगड्या भरणाऱ्या बाईला गावात जी दारं उघडी असतात ती डॉक्टरला नसतात, पुढाऱ्याला नसतात, आणि पोलिसाला तर नसतातच नसतात. पाटलाच्या माजघरापासून ओढ्याकाठच्या खोपटापर्यंत नजीरा सरळ आत जायची, अंथरायचं पटकूर पुढं ओढून बसायची आणि घरातली बाई मुकाट्यानं आपला हात तिच्या हातात द्यायची. एकदा हात दिला की बाई अडकली. मुठीवरनं काच सरकत असताना कोण उठून जाईल? नजीरा स्वतःच हसून म्हणायची, "माज्या तावडीतनं बाई सुटत न्हाय. सावकार सोडंल, मी न्हाय सोडणार!"

आणि हात धरून ठेवायचा म्हणजे तोंड चालवायला हवं. ते तिला शिकवावं लागलं नाही. रशीद मणेराची नवरी होऊन ती या गावात आली तेव्हा तिला इथलं धड बोलताही येत नव्हतं. नवऱ्याचं दुकान जोतिबाच्या डोंगरावर, तो रविवारी आणि यात्रेला तिकडं. गावात फिरायचं काम सासूनं हिच्या खांद्यावर टाकलं. पहिले काही महिने ती नुसती मान हलवायची. मग जी जीभ सुटली ती सुटलीच.

या धंद्याची एक वेगळी भाषा आहे. बांगडी कुणी घालत नाही, भरतात. आणि बांगडी कधी फुटत नाही. दगडावर आपटून तिच्या ठिकऱ्या झाल्या तरी ती 'वाढली'. जुनी काढून टाकायची तर ती 'वाढवायची'. देवापुढचा नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. वाईट शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून आज्या-पणज्यांनी ही सोय करून ठेवली आहे. नजीराच्या जिभेला तर याचं इतकं वळण पडलं होतं की रशीदच्या हातून कपबशी पडली तरी ती चुलीपासून ओरडायची, "वाढवली का पुन्यांदा!"

आणखी एक रीत होती. चुडा भरून झाला की बाईनं भरणारीला वाकून नमस्कार करायचा. बाई पाटलीण असो की पाटलिणीच्या गोठ्यात शेण काढणारी असो, त्या घटकेला नजीरा मोठी. नमस्कार घेऊन नजीरा सगळ्यांना एकच आशीर्वाद द्यायची, "हिरवा राहू दे गं तुजा चुडा!"

विधवा बायका मात्र या सगळ्याच्या बाहेर. नजीरा ओसरीवर बसली की त्या आत निघून जात, नाहीतर लांब उंबऱ्याशी टेकत. त्यांच्या हातांना गावाच्या भाषेत 'भुंडे हात' म्हणतात. शब्द कानाला टोचतो, पण गावानं शब्द कधी चाळून घेतलेत?

गावाच्या वरच्या अंगाला एक माळ होता, त्याचंही नाव तेच पडलं होतं, भुंडा माळ. पूर्वी त्याच्यावर झाडं होती, इतकी की एकटी बाई तिकडं सरपणाला जायला घाबरायची. बहात्तरच्या दुष्काळात माणसांनी आणि शेरडांनी मिळून त्याची पार हजामत केली. दोष तरी कुणाला द्यायचा? चूल पेटायला हवी होती. दुष्काळ गेला, पाऊस परत आला, पण माळ उघडाच राहिला. नुसते मुरमाड दगड, आणि पलीकडं स्वच्छ दिसणारा जोतिबाचा डोंगर.

माळाच्या पायथ्याला एक झरा होता. मणेर गल्ली आणि खालच्या दोन आळ्या त्याच्यावर जगत. नवी नवरी असताना नजीरा पहिल्यांदा घागर घेऊन तिथं गेली, तेव्हा गावच्या पोरींनी तिला आपल्यात ओढून घेतलं होतं, तिच्या बोलण्याची टिंगल करत करत तिला बोलायला शिकवलं होतं. माहेर फार लांब होतं. जे काही माहेर होतं ते त्या झऱ्यावर होतं. माळ उघडा पडल्यापासून झरा वर्षागणिक बारीक होत चालला होता. होळीच्या सुमाराला घागर भरायची तर बायकांना वाटीनं पाणी उपसावं लागे. ती वाटीची खरवड नजीराला घरी आल्यावरही ऐकू येत राहायची.

माळावर पुन्हा झाडं लावावीत म्हणून केरबा मास्तरांनी एक मंडळ काढलं होतं. 'पर्यावरण व वनसंवर्धन मंडळ, कोडोली.' नाव एवढं लांब आणि माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. केरबा मास्तर म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला, धोतराचा सोगा धरून चालणारा भला माणूस. दर पावसाळ्यात मंडळाची माणसं माळावर रोपं लावत आणि दर दिवाळीला ती शेरडांच्या पोटात जात. गावाला त्याचं ना सोयर ना सुतक.

मास्तरांनी प्रचारात कसूर केली नव्हती. एसटी स्टँडवर त्यांनी ठसठशीत अक्षरांत पाटी लावली, 'पर्यावरणाचा समतोल राखा.' पाटीखाली बसून पान खाणारे म्हणू लागले, "ह्यो समतोल कुणाचा पोरगा? आन् आमीच का म्हणून राखायचा? त्याच्या बापाला काय झालंय?" पत्रकं छापली, ती दुसऱ्या दिवशी भज्यांच्या गाडीवर पोचली. सभा घेतली, तर सभेला मंडळाचीच माणसं, एक बहिरा म्हातारा आणि सावलीला बसलेलं एक कुत्रं. कुत्रं अर्ध्यातून उठून गेलं.

अशात पिराजीनं डोकं वर काढलं. पिराजी खडीचा कंत्राटदार. आजूबाजूला रस्ते निघत होते, वारणानगरकडं बांधकामं चालली होती, खडीला मागणी होती. त्यानं भुंडा माळ खाणीसाठी मागितला. "तितं हाय काय? दगूडच की न्हवं? मग दगूड काडूया." पंचायतीतली निम्मी माणसं त्याच्या बाजूला गेली, निम्मी गप्प बसली. शेवटी ठरलं की शिमग्याच्या आधी ग्रामसभा घ्यायची आणि हात वर करून काय तो निकाल लावायचा. माळावर सुरुंग उडाले तर पायथ्याचा झरा राहणार नाही, हे कळायला कुणी शिकलेलं असायची गरज नव्हती. पण झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायका होत्या आणि ग्रामसभेत बसणारे पुरुष होते. पुरुषांच्या घरात पाणी आपोआप येतं.

मास्तरांना नजीराची वाट त्यांच्या बायकोनं दाखवली. दिवाळीच्या आधी ती नजीराकडून बांगड्या भरून घेत असताना मास्तर पलीकडं पेपर वाचत बसले होते. तेवढ्या वेळात नजीरानं गावातलं एक मोडलेलं लग्न, दोन जुळलेली लग्नं आणि एका म्हशीची पळापळ सांगून टाकली. संध्याकाळी मास्तर पारावर गेले, तर या चारही बातम्या गावभर झालेल्या. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवशी ते मणेर गल्लीत हजर.

"भाबी, आमच्या मंडळाचा निरोप घरोघर पोचवाल का?"

"मास्तर, मला भाषण न्हाय येत."

"भाषण आम्हालाही येतं कुठं? येत असतं तर कुत्रं उठून गेलं नसतं. बायकांना एवढंच सांगायचं, माळावर झाडं लावा, झाडं वाढवा."

"एवढंच व्हय?" नजीरा म्हणाली. रशीद आतून खाकरला. आपण धंदेवाली माणसं, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा त्या खाकरण्याचा अर्थ होता. नजीरानं तो अर्थ नीट ऐकला आणि बाजूला ठेवला. झऱ्यावरची ती वाटी तिच्या कानात खरवडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच घर धोंडुबाईचं. धोंडुबाई म्हणजे तरुणपणी नवरा गेलेली, एकटीच्या जिवावर पोरगा वाढवून शेत राखलेली म्हातारी. पाटीलही तिच्या दारावरून जाताना खाली बघून जायचा. घरात नवी सून आली होती आणि तिचा सासरचा पहिला चुडा भरायचा होता. सून ओसरीवर बसली, म्हातारी रीतीप्रमाणं लांब उंबऱ्याशी. नजीरानं सुनेचा हात चोळून मऊ केला, पहिली हिरवी बांगडी मुठीपाशी आणली आणि मास्तरांचा निरोप आठवून खणखणीत आवाजात म्हणाली, "वाढवा गं बायांनो, वाढवा! झाडं वाढवा!"

सुनेनं दचकून हात मागं घेतला. बांगडी तेवढ्यानंच वाढली. दोन तुकडे ओसरीवर.

"रांडंचे!" धोंडुबाई उंबऱ्यावरनं उठली. "नवी नवरी चुडा भराय बसलीया आन् सकाळच्या पारी वाढवा वाढवा करतीस? कुणाची झाडं वाढवाय निघालीस? परड्यातली आमची चिंच डोळ्यात सलती व्हय तुज्या?"

नजीराला आधी काही कळेना. मास्तरांच्या तोंडात जो शब्द सरळ होता तो तिच्या तोंडात उलटा झाला होता. आणि होणारच. ज्या बाईच्या तोंडून गावानं जन्मभर 'वाढवली' म्हणजे 'फोडली' एवढंच ऐकलं, तिनं दारात उभं राहून झाडं वाढवा म्हटल्यावर दुसरं काय ऐकू येणार? ती समजावू लागली, पण धोंडुबाईनं तोवर तिचं गाठोडं अंगणात नेऊन ठेवलं होतं.

दुपारपर्यंत गावभर झालं. मास्तराचं मंडळ झाडं तोडाय निघालंय, मणेरणीनं सोता सांगितलं. पारावर माणसं पोट धरून हसली. पिराजीच्या हातात तर आयतं कोलीत आलं. तो स्टँडवर चार लोकांत म्हणाला, "बगा, मंडळच म्हणतंय वाढवा! मी बी त्येच म्हणतुय की. आख्खा माळच वाढवूया!" मंडळाची जी काय पाच माणसं होती त्यांतले दोघं घरी बसले. मास्तर नजीराला काही बोलले नाहीत. तेच तिला जास्त लागलं. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि रशीद खाकरलासुद्धा नाही.

पण पडून राहणारी ती बाई नव्हती. दोन दिवसांनी ती पुन्हा धोंडुबाईच्या दारात. हातात नवी बांगडी.

"मावशी, माजं चुकलं. सुनंची काकणं भराय आलीया. पैसं नगं, दाणं नगं."

धोंडुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. राग तोवर निवला होता, पण म्हातारी तो सहजासहजी सोडणारी नव्हती. "भर. पर तोंड उघडू नगंस."

नजीरानं चुडा भरला. सुनेनं वाकून नमस्कार केला. "हिरवा राहू दे गं तुजा चुडा," नजीरा हळूच म्हणाली. धोंडुबाई उंबऱ्याशी बसून बघत होती.

"बग," म्हातारी म्हणाली, "ह्ये शोबतं तुज्या तोंडात. भरायचं काम तुजं. त्यो मास्तर खुळा, शाळंतली भाषा त्यानं तुज्या पदरात बांदली. वाढवा म्हनं! आमी भुंड्या हाताच्या बायका, आमाला इचार वाढवायचं काय असतंय त्ये."

असं म्हणून तिनं आपले उघडे हात मांडीवर उलटे करून ठेवले. सुरकुतलेले, कष्टानं काळे पडलेले, वीस-बावीस वर्षं काच न लागलेले हात. नजीराची नजर त्यांच्यावरून उठली ती ओसरीच्या बाहेर गेली. समोर भुंडा माळ.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खांद्यावर रोज बांगड्यांच्या माळा घेऊन फिरणाऱ्या बाईला समोरचा माळ एवढ्या वर्षांत दिसला नव्हता!

"मावशी," ती म्हणाली, "त्यो माळ बी भुंडाच की. त्याला चुडा भरायचा का?"

धोंडुबाईनं माळाकडं पाहिलं, स्वतःच्या हातांकडं पाहिलं, आणि विचारलं, "आमाला चालतंय का भरायला? आमच्यासारकीला?"

"माळ काय कुणाची सवाष्ण हाय?" नजीरा म्हणाली. "त्याला कुनीबी भरावा."

त्या दिवसापासून नजीरानं मास्तरांचा निरोप टाकून दिला आणि आपला उचलला. बाईचा हात हातात घ्यायचा, बांगडी मुठीवर आणायची आणि म्हणायचं, "तुजा भरला. आता आपल्या भुंड्या माळाला कोन भरणार?" मग ती झऱ्याचं सांगायची, वाटीचं सांगायची, माळ उघडा पडला म्हणून झरा कसा आटला ते सांगायची, पिराजीच्या सुरुंगाचं सांगायची. बाई हात सोडवून घेऊ शकत नव्हती, आणि मग हळूहळू सोडवून घ्यावासाही वाटेना. "पानी कोन भरतंय, आपुन. मग माळाचं कोन ठरवणार, त्ये? ग्रामसभंला आपुन का जायाचं न्हाय?"

भाषण करता येत नाही म्हणणारी बाई ही! मास्तरांची अख्खी पाटी तिनं चार वाक्यांत उभ्या गावाच्या घशाखाली उतरवली. धोंडुबाईनं दुसरी आघाडी उघडली. हळदीकुंकवाला जिला कुणी बोलावत नाही अशा प्रत्येक विधवेच्या दारात ती स्वतः गेली. "चल, माळाला चुडा भरायचा हाय. आपल्याला चालतंय. मी इचारून घेतलंय." कुणाला विचारलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

माघातल्या खेट्यांना, म्हणजे जोतिबाला पायी रविवारच्या फेऱ्या घालणारी माणसं डोंगर चढतात तेव्हा, नजीरा रशीदच्या दुकानावर जाऊन बसू लागली. कोल्हापूरच्या, वडणगे-केर्लीच्या, कुठल्या कुठल्या बायका यायच्या. बांगड्या भरता भरता सगळ्यांना माळाची गोष्ट. रशीद पहिल्या रविवारी खाकरला. दुसऱ्या रविवारी एका बाईनं येताना ओटीत करंजाच्या बिया आणल्या, "तुमच्या माळाला." मग कुणी चिंचोके आणले, कुणी जांभळाच्या बिया, कुणी आवळ्याच्या. तिसऱ्या रविवारी रशीदच ओरडत होता, "या पावणं, या! काकणं आमची घ्या, बिया तुमच्या द्या!" मंडळाचे ते दोन रुसलेले सभासद आपसूक परत आले आणि मास्तरांच्या परसात बियांची पोती ठेवायला जागा करू लागले. मास्तरांनी स्टँडवरची पाटी पुसून घेतली आणि नवी लिहवली, 'भुंड्या माळाला चुडा भरा.' तिच्याखाली बसून पान खाणाऱ्यांना या वेळी टिंगल सुचेना, कारण घरी त्यांच्या आया आणि बायका हेच बोलत होत्या.

पिराजीला वाऱ्याची दिशा कळली. नेमकं त्याच्या मुलीचं लग्न ग्रामसभेच्या आठवडाभर आधी. मोठं घर, दहा गावचे पाहुणे, आणि सगळ्या बायकांचे चुडे नजीरानं भरायचे. वर्षाचा धंदा एका दिवसात. त्यानं नजीराला वाड्यासमोरच्या मांडवात गाठलं.

"भाबी, चुडा तुमीच भरा. मन लावून भरा. पर माज्या दारात त्या माळाचं नाव निघालं न्हाय पायजे. एक अक्षर काडलं, तर ह्या घरची बांगडी तुमच्या हातनं परत भरली जानार न्हाय. आन् माज्या पावण्यांच्या घरची बी न्हाय."

"न्हाय काडत, अण्णा," नजीरा म्हणाली.

आणि तिनं शब्द पाळला. सकाळपासून ती मांडवात बसली आणि एकामागून एक हात भरत गेली. तोंडातून चकार शब्द नाही. कुणाचं लग्न मोडलं नाही, कुणाची म्हैस पळाली नाही. नुसता काचेचा आवाज. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईचं तोंड गावानं कधी मिटलेलं पाहिलं नाही ती मांडवात मुकी बसल्यावर काय होईल? पहिल्या दहा-बारा बायकांना वाटलं तिचं पोट दुखतंय. मग कुजबूज सुरू झाली. "भाबी, बरं हाय न्हवं?" नजीरा मान डोलवायची. "घरात कुनी आजारी हाय का?" नजीरा मान हलवायची. शेवटी पिराजीची बायको झुंबरबाई हात पुढं करून बसली. पोक्त, शांत बाई. सगळा जन्म तिनं नवऱ्याच्या मोठ्या आवाजाखाली काढला होता.

"भाबी, कुनी गप बसीवलं तुमाला?"

नजीरा तिच्या मुठीवर बांगडी सरकवत राहिली. पण तिचे डोळे भरून आले, आणि तिनं नजर उचलून मांडवाच्या पलीकडं, माळाकडं पाहिलं. झुंबरबाईनंही पाहिलं. मग तिनं मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. आपला चुडा भरून घेतला, वाकून नमस्कार केला आणि आत गेली.

संध्याकाळपर्यंत मांडवातल्या एकूण एक बाईला कळलं होतं की नजीराला कशापायी गप्प बसवलंय. ज्यांना माळाचं काही माहीत नव्हतं त्यांनी चौकशी करून करून माहीत करून घेतलं. नजीरानं बोलून जितकं काम केलं होतं तितकंच त्या एका दिवसात न बोलून झालं. पिराजीनं आपल्या खर्चानं, जेवण घालून, मंडळाची सर्वांत मोठी सभा भरवली होती.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. पुरुष नेहमीसारखे पुढं बसले. पिराजीची माणसं आधीच येऊन मोक्याच्या जागा धरून बसली होती. मास्तर एका कोपऱ्यात, तोंड सुकलेलं. आणि मग शाळेच्या फाटकातून बायका यायला लागल्या. झऱ्यावरच्या आल्या, वरच्या आळीतल्या आल्या, वस्त्यांवरच्या पोरं कडेवर घेऊन आल्या. पुढं धोंडुबाई, काठी टेकत. सगळ्या मागच्या अंगाला उभ्या राहिल्या, कारण बसायला जागाच उरली नव्हती. पुरुष माना वळवून वळवून बघू लागले. कुणीतरी म्हणालं, "आरं, आज काय जत्रा हाय का काय?"

ग्रामसेवकानं घसा साफ केला. "खाणीला परवानगी द्यावी असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी हात वर करावेत."

पिराजीच्या माणसांचे हात वर गेले. बरेच होते. मास्तरांनी डोळे मिटले.

"खाण नको असं म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत."

आधी आवाज आला, मग हात दिसले. शेकडो बांगड्या एकदम मनगटावरून कोपराकडं घसरल्या. तो किणकिणाट पटांगणभर घुमला आणि पुढं बसलेले पुरुष बसल्या जागी वळले. हिरवेगार हात. त्यांच्यात धोंडुबाईचा आणि तिच्याबरोबरच्या विधवांचे उघडे हातही तितकेच उंच. नजीराचा हात मध्येच कुठंतरी होता, पण तिला स्वतःचा हात दिसतच नव्हता. डोळ्यांतलं पाणी पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता, कारण तिनं दोन्ही वर केले होते.

"बायकांचं हात कशाला मोजताय?" पिराजी उठून ओरडला.

"मतदार आहेत त्या," ग्रामसेवक म्हणाला. "मोजावे लागतील."

पिराजीनं मागं वळून पाहिलं. गर्दीत झुंबरबाई उभी होती. लेकीच्या लग्नातला कोपरापर्यंतचा हिरवा चुडा, आणि हात सरळ आभाळाकडं.

"हात खाली घी!" तो कसाबसा म्हणाला.

"न्हाय घेत," झुंबरबाई सगळ्या गावासमोर शांतपणे म्हणाली. "आत्ताच भरलाय. खाली घेतला तर वाढंल."

सगळ्या पटांगणात हशा पिकला. पुरुष हसले, बायका हसल्या, खुद्द पिराजीची माणसं तोंडावर टॉवेल धरून हसली. आणि हसता हसता पुढच्या रांगांतले पुरुषांचेही हात वर जाऊ लागले. आधी एक, मग चार, मग रांगच्या रांग. ग्रामसेवकानं दोनदा मोजायचा प्रयत्न केला, मग वही मिटली. "मोजण्याची आवश्यकता नाही," तो म्हणाला. केरबा मास्तर कोपऱ्यातून उठले आणि धोतराचा सोगा सोडून लहान पोरासारखे टाळ्या वाजवू लागले.

आषाढात, मास्तरांच्या परसात बियांची रोपं तयार झाली तसा, सारा गाव माळावर चढला. मंडळाच्या लांबलचक नावाचं आता कुणाला काम राहिलं नव्हतं, सगळे त्याला 'चुडा मंडळ'च म्हणत. बायकांनी माळाभोवती गोल गोल खड्डे काढले होते, वरपासून खालपर्यंत, एकाखाली एक. मनगटावर बांगड्या बसवाव्यात तशा ओळी. आपल्या रोपाला शेरडू लागलं तर मालकाची काय गत होईल हे प्रत्येकीनं आधीच जाहीर केलं होतं, त्यामुळं त्या वर्षी माळाकडं शेरडं फिरकली नाहीत.

सगळ्यांत वरच्या ओळीत धोंडुबाईनं करंजाचं रोप लावलं. हातानं माती दाबली, तांब्यातलं पाणी घातलं. नजीरा शेजारच्या खड्ड्यात जांभूळ लावत होती. रोप उभं राहिलं तशी म्हातारी काठीवर भार देऊन उठली, नजीरापुढं आली आणि दोन्ही हात जोडून कमरेत वाकली.

"मावशी, आवं काय करताय!" नजीरा घाबरून मागं सरली. "तुमी माज्या आईसारक्या!"

"गप," धोंडुबाई वाकलेलीच राहून म्हणाली. "चुडा भरल्यावर नमस्कार करायचा असतुय. लई वर्सं कुनाला केला न्हाय. आज करू दी."

या नमस्काराला जो आशीर्वाद नजीराच्या तोंडात होता तो विधवेला द्यायचा नसतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं म्हातारीचे चिखलानं भरलेले उघडे हात आपल्या हातांत धरले, नेहमी धरायची तसेच, आणि त्या इवल्या करंजाकडं पाहिलं.

"हिरवा राहू दे, मावशी," ती म्हणाली, "तुजा चुडा."